घरचं जेवण, ताशी चार मैल

लेकीने फोनवर सांगितलं, "आई, आठवडाभर कालव्यावर नावेत राहायचं. तुम्ही दोघांनी नुसतं बसायचं. जेवण त्यांचंच, आणि अगदी घरचं असतं." मी विचारलं, "कोणाच्या घरचं?"

ती हसली, पण मी गमतीत विचारलं नव्हतं. गेली ३४ वर्षं घरचं जेवण म्हणजे मी केलेलं जेवण. बँकेतून दमून येऊन केलेलं, अंगात कणकण असताना केलेलं, ऐनवेळी दोन पानं वाढली म्हणून आमटीत पाणी वाढवून केलेलं. मला कुणी जेवू घातलं नाही असं नाही, पण ते कार्याचं, सणासुदीचं, नाहीतर हॉटेलातलं. रोजचं, साधं, पोटभर आणि माझा हात न लागलेलं जेवण सासूबाई गेल्यापासून माझ्या ताटात आलेलं नाही. (हे वाचून आमच्या घरातली एक व्यक्ती म्हणेल, मी ऑम्लेट करतो की. करतात. ओटा मी पुसते.)

तर मे महिन्यात लेकीने आम्हाला मँचेस्टरहून चेशायरमधल्या नँटविच गावी आणून सोडलं. कितीला पडलं हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी गेले नसते, हे तिला माहीत आहे.

काठाला दोन नावा एकीमागे एक बांधलेल्या होत्या. प्रत्येकीची लांबी ७० फूट आणि रुंदी अवघी ७ फूट. पहिल्यांदा बघताना वाटतं की कुणीतरी मोठी नाव दोन्ही बाजूंनी धरून पिळून काढली आहे. याला कारण आहे. १८ व्या शतकात जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने मध्य इंग्लंडातले कालवे आखले तेव्हा लॉकची, म्हणजे नावा चढवायच्या-उतरवायच्या दगडी पेट्यांची, रुंदी ७ फुटांच्या आसपास ठेवली. दगड कमी, खोदाई कमी, पाणी कमी. मग नावांनाही त्याच मापात बसावं लागलं, आणि अडीचशे वर्षांनंतर मलाही. आंघोळीच्या जागेत साबण खाली पडला तर आधी दार उघडायचं आणि मग वाकायचं.

पुढच्या नावेला इंजिन, तिला म्हणतात मोटर. मागचीला इंजिनच नाही. ती दोराने ओढली जाते, तिचं नाव बटी. एके काळी अशा जोडीतून ५० टनांपर्यंत कोळसा जायचा. आता मोटरमध्ये झोपायच्या चिमुकल्या खोल्या आणि बटीत स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल, पुस्तकांचं एक फडताळ. आम्ही सहा पाहुणे. चालवणारे तिघं: नाखवा, त्यांची बायको आणि हाताखाली विशीतला एक मुलगा. नाखव्यांच्या बायकोला मी इथे नुसतं बाई म्हणणार आहे. त्या माझ्याच वयाच्या, साठीच्या आगेमागे, मनगटं माझ्या दुप्पट.

सामान टाकलं आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. बाई कांद्याची पात चिरत होत्या. म्हटलं, काही मदत करू? त्या म्हणाल्या, "नको. तुम्ही बसा." मी म्हटलं, मला बसवत नाही. त्या सुरी न थांबवता म्हणाल्या, "पहिल्या दिवशी कुणालाच बसवत नाही."

इंजिन पुढच्या नावेत असल्याने बटीत आवाज नसतो. पाण्याची चुळचुळ, दोर ताणला गेला की एक बारीक करकर, आणि सुरीची टकटक. खिडकीबाहेर शेत सरकतंय हे कळायलाही वेळ लागतो. कायद्याने या कालव्यांवर ताशी ४ मैलांच्या वर जाता येत नाही, आणि प्रत्यक्षात तेवढंही होत नाही. बांधलेल्या नावांजवळून जाताना तर वेग आणखी उतरवायचा, नाहीतर त्यांचे दोर ताणले जातात आणि आतल्या माणसाचा चहा सांडतो. काठाने एक आजोबा कुत्रा घेऊन चालले होते. ते आमच्या पुढे निघून गेले. कुत्रा मागे थांबून दर झाड हुंगत होता तरी.

हा लँगोलेन कालवा. हर्ल्स्टनला मुख्य कालव्यातून फुटतो आणि सुमारे ४४ मैलांवर वेल्समधल्या लँगोलेनला पोचतो. वाटेत २१ लॉक. लॉक ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: पाण्याचा जिना समजा. दोन्ही टोकांना दरवाजे असलेली दगडी पेटी. नाव आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, झडपा उघडून वरचं पाणी आत सोडायचं. पेटी भरते, नाव वर येते, पुढचा दरवाजा उघडायचा. वीज नाही, पंप नाही. झडपा उघडायला काटकोनात वळलेलं एक लोखंडी हँडल लागतं, त्याला विंडलास म्हणतात. दरवाजा लांब लाकडी तुळईला पाठ लावून ढकलायचा. सगळं पाणी आपल्या वजनाने करतं, आपण फक्त वाट मोकळी करून द्यायची.

आमच्या यजमानांना हे विंडलास दिसलं आणि निवृत्तीनंतर दीड वर्षाने त्यांना पुन्हा नोकरी लागली. पहिल्या चार लॉकना नाखव्यांच्या मागे मागे फिरले. पाचव्याला स्वतः हात घातला. सहाव्याला विंडलास दातेरी चक्रावरून निसटलं, एकदा दगडावर आपटलं आणि टुपकन पाण्यात. पाण्यावर वर्तुळं उठली, विरली. सगळे गप्प. नाखवा काही न बोलता आत गेले आणि दोरीला बांधलेलं भलंमोठं लोहचुंबक घेऊन आले. दोनदा खाली सोडलं. पहिल्यांदा चिखलाचा गोळा आला, दुसऱ्यांदा विंडलास. तिसऱ्यांदाही सोडलं, कारण काय निघतं ते बघायचं होतं. आणखी एक विंडलास निघालं, गंजलेलं, कुणा दुसऱ्याच्या यजमानांचं.

लॉकमध्ये एका वेळी एकच नाव मावते. म्हणजे आधी मोटर न्यायची, मग लॉक पुन्हा रिकामा करून बटी. आणि बटीला इंजिन नाही. मग ती कशी जाते? माणसं ओढतात. खांद्यावरून दोर घ्यायचा, पुढे झुकायचं आणि पाय रोवत चालायचं. सुरुवातीला काहीच होत नाही. आपण भिंत ओढतोय असं वाटतं. मग कुठेतरी एक इंच सरकतं, आणि एकदा सरकलं की मग थांबवायचं कसं हा प्रश्न. यजमान आणि तो विशीतला मुलगा जोडीने दोर ओढत होते आणि मी बटीच्या खिडकीत बसून चहा पीत होते. लग्नाच्या ३४ वर्षांत हे दृश्य प्रथमच दिसत होतं. मी दोन कप प्यायले.

प्रत्येक वेळी लॉक रिकामा होतो तेव्हा साधारण एक लाख लिटर पाणी खाली जातं. आमच्या जोडीचे दर लॉकला दोन लाख. मला ऐकून कसंतरीच झालं. बँकेत माझं आयुष्य कर्जाच्या वसुलीत गेलं, उधळपट्टी मला बघवत नाही. पण या कालव्याची गोष्ट उलटी आहे. इथलं पाणी साचलेलं नसतं, ते वाहतं. लँगोलेनच्या वर डी नदीला थॉमस टेलफर्डने घोड्याच्या नालासारखा वळलेला बंधारा घातला आहे, १८०८ सालचा. तिथून पाणी कालव्यात शिरतं आणि सगळी वाट चालून हर्ल्स्टनच्या तलावात जातं, तिथून शुद्ध होऊन लोकांच्या नळाला. १९४४ साली रेल्वे कंपनीने कायदा करून घेतला आणि कालवा वाहतुकीला बंद करायची मुभा मिळवली. नावा थांबल्या असत्या, कालवा बुजला असता. पण चेशायरला पाणी हवं होतं, म्हणून तो वाचला. नावांनी वाचवलं नाही, तहानेने वाचवलं.

नावेवर मात्र पाणी मोजून. टाकी ठरावीक ठिकाणीच भरता येते. बाई भाज्या एका पसरट भांड्यात धुवायच्या, त्याच पाण्यात ताटांचा पहिला खरकटा हात आणि मग वर दोन वाट्या स्वच्छ पाणी. हे पाहिलं आणि यांचं-माझं जमणार हे मला कळलं. स्वयंपाकघर आतून जेमतेम ६ फूट रुंद. दोन्ही हात पसरले तर एक हात ओव्हनला आणि एक खिडकीला. बरण्यांच्या फळीला पितळी दांडी, कारण लॉकच्या भिंतीला नाव घासली की सगळं हलतं. कप आकड्यांना टांगलेले, ते अशा वेळी एकाच बाजूला कलतात आणि किणकिणतात. काही दिवसांनी मला त्या आवाजावरून कळायला लागलं की सुकाणूवर बाई आहेत की तो मुलगा.

आणि जेवण?

पहिल्या दुपारी लीक आणि बटाट्याचं सूप. लीक म्हणजे कांद्याची पात अंगाने भरली तर कशी दिसेल तशी. त्यात रानलसणाची पानं चिरून घातलेली, ती मुलाने काठावरून तोडून आणली होती. मे महिन्यात झाडांखाली त्याची पांढरी फुलं हातरल्यासारखी पसरलेली असतात आणि वारा आला की अख्खा कालवा फोडणी घातल्यासारखा वासतो. बरोबर सकाळी भाजलेला पाव आणि चेशायर चीज, पांढरं, आंबूस, बोटाने दाबलं की भुगा होणारं. संध्याकाळी भाज्या आणि भरपूर बटाट्याचा 'पाय' नावाचा भाजलेला पदार्थ. नंतर रुबार्बच्या आंबट दांड्यांवर लोणी-पिठाचा खमंग चुरा भाजलेला आणि त्यावर गरम कस्टर्ड.

चांगलं होतं. खरंच चांगलं होतं. पण खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मी जेवत नव्हते, तपासत होते. सूप: मीठ कमी, मिरी भीतभीत. पाय: खालची भाजी अजून पाच मिनिटं हवी होती. कस्टर्ड: उत्तम, पण गोडाला जायफळ लागलं असतं. वर यजमान दुसऱ्यांदा वाढून घेत होते, याचाही मला किंचित राग आला. माझ्या हाताचं इतक्या मुकाट्याने कधी खाल्लं नव्हतं. जेवण झाल्यावर ताटं उचलायला मी उठले की बाई म्हणायच्या, "बसा." मग मी माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघत बसायची. हात रिकामे असले की किती मोठे दिसतात.

तिसऱ्या दिवशी ग्रिंडली ब्रूक आलं. इथे सहा लॉक, त्यातले वरचे तीन एकमेकांना चिकटलेले. एकाचा वरचा दरवाजा तोच पुढच्याचा खालचा. झडपा चुकीच्या क्रमाने उघडल्या तर पाणी काठावरून बाहेर येतं, म्हणून उन्हाळ्यात तिथे देखरेखीला माणूस असतो. आणि बघ्यांची गर्दी. कालव्यावर नुसतं उभं राहून इतरांच्या नावा बघणाऱ्याला इंग्रजीत खास शब्द आहे, गाँगूझलर. रस्ता खोदताना आपल्याकडे जे उभे राहतात त्यांना अजून स्वतंत्र शब्द नाही, ही मराठीची मोठी उणीव. यजमान एव्हाना अंगात आल्यासारखे दरवाजे ढकलत होते आणि बघ्यांपैकी एकाला पाण्याची पातळी समजावून सांगत होते. मी खाली राहिले, आणि त्यामुळेच मला ते दिसलं.

बटीच्या अगदी शेवटी, सुकाणूच्या पुढ्यात, जुन्या धाटणीची केबिन राखलेली आहे. बाई आणि नाखवा तिथेच राहतात. लांबी १० फुटांच्या आत, रुंदी नावेची. पायरी उतरून आत शिरलं की लगेच डाव्या हाताला ओतीव लोखंडाची चूल, तिला रेंज म्हणतात. पुढे बाजूचा बाक, तो रात्री पलंग होतो. कपाटाचं दार खाली पाडलं की त्याचं टेबल. आडवा पलंगही कपाटातून खाली येतो. भिंतीवर जाळीदार कडांच्या ताटल्या, पितळी गोळे, दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले. स्वयंपाकघरात गॅस असताना बाई ती चूल रोज पेटवत होत्या. पाव फुगवायला पीठ तिथे, आणि रात्रीच्या जेवणाचं जाड बुडाचं भांडंही तिथेच, सकाळी दहापासून.

लॉक सुटला, दोर ताणला, बटी निघाली. बाई केबिनच्या दारातच उभ्या. कमरेच्या वरच्या बाहेर, खालच्या आत. पाठीला आणि काखेखाली सुकाणूचा जाडजूड वळणदार लाकडी दांडा. नावेचं सुकाणू उलटं चालतं: दांडा डावीकडे, की नाव उजवीकडे. पुढे वळण होतं. त्यांनी कमरेने दांडा ढकलला, नजर पुढे, आणि डावा हात न बघता खाली गेला. झाकण उचललं, डाव फिरवला, काठावर दोनदा टकटक केली, झाकण पुन्हा ठेवलं. वळण संपायच्या आत हात वर. मी तीन पावलांवर उभी होते. त्यांना वाटलं नसेल की यात बघण्यासारखं काही आहे.

मी विचारलं, चूल बरोबर दाराशीच कशी? त्या म्हणाल्या, "ती तिथेच असते. सगळ्या नावांत. बाईला सुकाणू सोडता येत नाही आणि भांडंही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सुरुवातीला नावेवर पुरुष असायचे, घरं जमिनीवर असायची. १८४० नंतर रेल्वेने मालवाहतूक ओढून घेतली, भाडी पडली. पगारी माणूस परवडेना, घराचं भाडंही परवडेना. नावाड्याने बायको-मुलांना नावेवर आणलं. बायको म्हणजे बिनपगारी माणूस, आणि ती स्वयंपाकही करते. त्या दहा फुटांत पाच-पाच, सहा-सहा मुलं वाढायची. शेवटी जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थांनी ओरड केली आणि १८७७ साली कायदा झाला की केबिनमध्ये किती माणसं झोपवायची याला मर्यादा हवी. पिण्याचं पाणी छपरावरच्या रंगवलेल्या बादलीवजा घागरीत, तेवढंच. घागर आमच्याही छपरावर होती. तिच्यात आता फुलं लावली होती.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा १९४२ पासून तरुण मुलींना नावा चालवायला घेतलं. लंडन ते बर्मिंगहॅम, जाताना लोखंड वगैरे, येताना कोळसा, पन्नास टनांची जोडी तिघीतिघींनी. त्यांच्या बिल्ल्यावर 'इनलँड वॉटरवेज'ची दोन आद्याक्षरं होती, आय आणि डब्ल्यू. लोकांनी त्याचं 'आयडल विमेन' केलं, रिकामटेकड्या बायका. बाईंनी हे सांगितलं, दांडा उजव्या कुल्ह्यावरून डाव्यावर घेतला आणि पुन्हा झाकण उचललं. मी त्या दिवशी रात्री जेवताना मीठ तपासलं नाही. विसरले.

ग्रिंडली ब्रूकनंतर जवळजवळ वीस मैल लॉकच नाही. यजमानांची नोकरी गेली. ते उदास होऊन पुढच्या नावेच्या टोकावर बसले आणि दुर्बिणीतून बगळे मोजू लागले. श्रॉपशरचा हा सपाट भाग. एका ठिकाणी कालवा सरळ रेषेत व्हिक्सलच्या दलदलीतून जातो. दोन्हीकडे काळसर दलदल, कापसासारखे तुरे, लांबवर बुटकी झाडं, माणूस नाही. ही जमीन मुळात कुजलेल्या शेवाळाची, भिजलेल्या स्पंजसारखी. तिच्यावर कालवा बांधला तर काठ खचत राहतात. त्यासाठी १८०४ पासून मजुरांची एक कायमची टोळी ठेवली होती, माती-चिखल आणून काठ उंच करत राहायला. काम संपल्यावर टोळी सोडायची, असं ठरलेलं असावं. ती टोळी १९६० च्या दशकापर्यंत होती. दीडशे वर्षांहून जास्त काळ माणसं बदलली, काम तेच: काल जेवढं खचलं तेवढं आज वर आणायचं. नाखव्यांनी हे सांगितलं तेव्हा सगळे 'अरे बापरे' म्हणाले. मी आणि बाई म्हणालो नाही. बाई कणीक मळत होत्या.

पुढे एल्समिअरचे तलाव लागतात. एका तलावाला तर कालवा इतका खेटून जातो की मधे नुसती झाडांची एक ओळ. तिथे रात्री बांधलो. पाऊस आला. पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकत जेवणं झाली आणि एक पाहुण्या, निवृत्त शिक्षिका, गाणं म्हणाल्या. ठीक म्हणाल्या.

चर्कला इंग्लंड संपतं. सीमा खालच्या नदीत, आणि कालवा नदीवरून १८०१ सालच्या दहा कमानींच्या पुलावरून जातो. शेजारीच, आपल्यापेक्षा उंच, रेल्वेचा पूल. कालव्याला मागे टाकलं ते टाकलंच, वरून बघायचंही सोडलं नाही. पूल संपतो तोच बोगदा सुरू. सव्वाचारशे मीटर, आत दिवा नाही, आणि समोरून पाणी वाहत येतंय. अरुंद जागेत नाव बुचासारखी बसते, पाण्याला बाजूने जायला वाट नाही, त्यामुळे वेग इतका मंदावतो की पुढचं उजेडाचं टिकलीएवढं भोक टिकलीएवढंच राहतं. कुणी बोलेना. त्या काळोखात मागच्या केबिनमधून फक्त भांड्यावरच्या झाकणाची थडथड ऐकू येत होती, आणि वासावरून कळत होतं की गाजर शिजलंय.

वेल्समध्ये शिरल्याबद्दल चहाबरोबर एक पाव आला, त्याचं नाव बारा ब्रिथ. मला वाटलं यात बारा जिन्नस असणार, आणि मी तोंडात घोळवत मोजायला लागले. मनुका, बेदाणे, संत्र्याची साल, दालचिनी, चारावर गाडी अडली. बाईंना विचारलं, उरलेले आठ कुठले? त्यांना प्रश्नच कळेना. वेल्श भाषेत बारा म्हणजे पाव, ब्रिथ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. सुकामेवा आदल्या रात्री गार चहात भिजत घालतात. आपल्याकडे बारा म्हणजे बारा हे समजावून सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की पहिल्यांदाच मला म्हणाल्या, "आत या, तव्यावरचे दाखवते." चुलीच्या पत्र्यावर करंज्यांएवढ्या चपट्या गोल टिक्क्या भाजत होत्या, वेल्श केक. मी हात न लावता बघितलं. लाटण्याची पद्धत आपली नाही, पण भाजताना कड किती बदामी झाली हे बघायला वाकायची पद्धत अगदी आपली.

सहाव्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, पाँटकसिल्टे. हे नाव उच्चारायला यजमानांनी दोन दिवस घेतले आणि तरी वेल्श माणसाने तोंड फिरवलं. डी नदीच्या दरीवरून कालवा नेणारा हा पूल टेलफर्ड आणि विल्यम जेसपने बांधला. १७९५ ते १८०५, दहा वर्षं. लांबी ३०७ मीटर, उंची ३८ मीटर, अठरा दगडी खांब आणि त्यांवर ओतीव लोखंडाची पन्हळ. पन्हळीचे सांधे साखरेच्या पाकात उकळलेल्या वेल्श फ्लॅनेलने आणि शिशाने बुजवले, असं सांगतात. लोखंडी पूल आणि त्याच्या सांध्यात पाकातलं फडकं! हे सुचवणारा माणूस कधीतरी स्वयंपाकघरात उभा राहिलेला असणार, असं माझं मत. २००९ साली जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आलं.

सगळे वर जाऊन उभे राहिले होते. सुकाणू त्या मुलाकडे होतं. पन्हळीत नाव आपोआप सरळ जाते, करायचं फारसं काही नसतं. मी खाली आले, कारण उंची मला सोसत नाही. बाई ताटं धुवत होत्या. माझ्याकडे बघितलं, चेहऱ्यावरून काय ते ओळखलं असावं, आणि एक शब्द न बोलता खांद्यावरचं फडकं माझ्या हातात दिलं.

मी पुसायला लागले. पहिलं ताट, दुसरं ताट. हात कामाला लागल्यावर पोटातला गोळा जरा सैल झाला. मग सहज मान वर केली. ज्या बाजूला पायवाट आहे तिकडे कठडा आहे. खिडकी दुसऱ्या बाजूला होती. तिकडे काहीच नाही. पन्हळीची कड पाण्याच्या वर वीतभर, आणि ती खिडकीतून दिसतही नाही. खिडकीबाहेर एकदम हवा. खाली झाडांचे शेंडे, ब्रोकोलीसारखे. त्यांच्याखाली नदी, दगडांवरून पांढरी होत जाणारी. एक पक्षी उडत गेला, त्याची पाठ दिसली. पक्ष्याची पाठ मी त्याआधी कधी बघितल्याचं आठवत नाही.

"किती वेळा गेलात इथून?" मी विचारलं.

"मोजलं नाही," बाई म्हणाल्या. "ताटं धुवायची वेळ नेमकी इथेच येते."

सुरा, काटे, चमचे. मी एकेक पुसून ठेवत होते आणि खाली दरी सरकत होती. वर यजमान कुणाला तरी खांबांची संख्या सांगत होते. पाणी समोरून येत होतं म्हणून पूल ओलांडायला बराच वेळ लागला. ताटं त्याआधी संपली, तर बाईंनी स्वच्छ कप आकड्यावरून काढून पुन्हा धुवायला घेतले. मी तेही पुसले. त्यावर आम्ही दोघी काही बोललो नाही.

पूल संपला की काटकोनात डावीकडे वळून शेवटचे काही मैल लँगोलेनपर्यंत. सातव्या दिवशी सकाळी तिथे निघालो. डोंगराच्या कुशीतून कापलेली वाट, काही ठिकाणी इतकी अरुंद की एकच नाव जाईल. समोरून कुणी येत नाही ना हे बघायला एकाने चालत पुढे जायचं असतं. ही नेमणूक यजमानांची झाली. ते हातात पिवळा रुमाल घेऊन दोनशे पावलं पुढे चालत होते आणि मोकळं दिसलं की तो असा फडकवत होते जणू अख्खं आरमार मागे येतंय.

बटीचा दोर आखूड केला होता. बाई दारात, दोन्ही हात दांड्यावर. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काठ, मधे ओंजळभर जागा. चुलीवर काउल होतं, वेल्श लोकांचं मटण, लीक आणि कंदांचं पातळसर कालवण. आदल्या दिवशी केलेलं, कारण ते दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. झाकण थडथडायला लागलं. बाईंनी एकदा खाली बघितलं, एकदा पुढे खडकाकडे, आणि मग माझ्याकडे.

"जरा बघता का?"

मी पायरी उतरून आत गेले. झाकण उचललं. वाफेने चष्मा धुरकटला, तो कपाळावर सरकवला. बुडाला लागलेलं नव्हतं. डाव तळापासून फिरवला, दोनदा. मग लाकडी चमच्यात थोडं घेतलं, फुंकलं, चाखलं. मीठ किंचित कमी होतं. बरणी फळीवर, माझ्या नाकासमोर.

मी झाकण ठेवलं, चमचा विसळला आणि वर ओरडून सांगितलं, "झालंय!"

बाईंनी मान हलवली. त्यांचं लक्ष वळणाकडे होतं.